तारापूरला अणू फुटतो, मग पाणी काय करतं?

चिंचणीच्या समुद्रावर उभं राहून दक्षिणेकडे पाहिलं, की सुरूच्या झाडांपलीकडे तारापूर अणुवीज केंद्राची उंच चिमणी दिसते. बोईसरला मी अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवते. दरवर्षी वर्गात कुणीतरी हमखास विचारतं, "मॅडम, त्या चिमणीतून धूर का येत नाही?" पाठोपाठ दुसरा प्रश्न येतो, "अणू फुटला की त्यातून डायरेक्ट वीजच बाहेर पडते ना?"

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. तिथे काही जळतच नाही, तर धूर येणार कुठून? त्या चिमणीतून इमारतीतली हवा गाळून, मोजून वर सोडतात. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र मुलांना पटायला वेळ लागतो. अणू फुटल्यावर वीज मिळत नाही, उष्णता मिळते. त्या उष्णतेवर पाणी उकळायचं, वाफ करायची, वाफेने टर्बाइन फिरवायचं, टर्बाइनला जोडलेलं जनित्र फिरलं की वीज. म्हणजे चूल तेवढी वेगळी. पुढचं सगळं डहाणूच्या किंवा कोराडीच्या कोळशावरच्या केंद्रासारखंच.

म्हणूनच अणुवीज समजून घ्यायची तर अणूपेक्षा पाण्याच्या मागे मागे जावं, असं माझं इतक्या वर्षांच्या शिकवण्यातून झालेलं मत आहे. तारापूरला पाणी चार-पाच वेगवेगळी कामं करतं. ती कळली की हे केंद्र कळतं, त्याची भीती कुठे रास्त आहे आणि कुठे नाही तेही कळतं.

आधी चुलीकडे बघू. तारापूरला चार संच आहेत, संच म्हणजे एक अणुभट्टी आणि तिच्या वाफेवर फिरणारं टर्बाइन-जनित्र. त्यातल्या तिसऱ्या आणि चौथ्या संचात इंधन असतं ते जुड्यांच्या रूपात. हैदराबादच्या अणुइंधन संकुलात युरेनियम ऑक्साइडच्या बोटाच्या पेराएवढ्या गोळ्या भाजून पक्क्या करतात. त्या झिर्कोनियमच्या मिश्रधातूच्या बारीक नळ्यांत भरून नळ्यांची तोंडं बंद करतात, आणि अशा 37 नळ्या एकत्र बांधतात. मेथीची जुडी बांधावी तशी ही जुडी साधारण अर्धा मीटर लांब आणि वीसेक किलो वजनाची. नवी असताना ती हातमोजे घालून उचलता येते. तोपर्यंत तिच्यातून निघणारा किरणोत्सार अगदीच कमी असतो.

या एका जुडीतून किती वीज निघते? ढोबळ हिशोब केला तर नऊ लाख युनिटच्या आसपास. महिन्याला दीडशे युनिट वापरणारं घर धरलं तर पाचशे घरांची वर्षभराची वीज. तेवढ्याच विजेसाठी कोळसा जाळायचा तर सहाशे टनांहून जास्त लागेल. म्हणजे बोईसर स्टेशनातून धडधडत जाणाऱ्या मालगाडीचे दहा डबे. एकीकडे एका माणसाला उचलता येईल अशी जुडी आणि दुसरीकडे दहा डबे कोळसा. कोळसा जळताना कार्बनच्या एका अणूमागे जेवढी ऊर्जा सुटते, त्याच्या जवळजवळ पाच कोटी पट ऊर्जा युरेनियमचा एक अणू फुटताना सुटते. त्यामुळेच हा फरक इतका मोठा आहे.

पण युरेनियम आपणहून पेट घेत नाही. खाणीतून येणाऱ्या युरेनियमच्या हजार अणूंपैकी जेमतेम सात अणू सहज फुटणारे असतात, त्यांना युरेनियम-235 म्हणतात. न्यूट्रॉन धडकला की असा अणू दुभंगतो, उष्णता देतो आणि वर दोन-तीन नवे न्यूट्रॉन सोडतो. ते नवे न्यूट्रॉन पुढच्या अणूंना फोडतात. हीच ती साखळी. अडचण अशी, की हे न्यूट्रॉन भलतेच वेगाने सुटतात आणि इतक्या वेगात ते अणूला चाटूनच निघून जातात. त्यांना हळू करावं लागतं. पाण्याचं पहिलं काम इथे सुरू होतं.

गोट्या खेळलेल्यांना हे लगेच कळेल. गोटी भिंतीवर मारली तर तशीच उडून परत येते, वेग फारसा जात नाही. पण तेवढ्याच आकाराच्या दुसऱ्या गोटीवर नेम धरून मारली तर मारलेली गोटी जागीच थबकते आणि दुसरी पळते. न्यूट्रॉनच्या वजनाची गोटी कोणती? हायड्रोजनचा अणुगर्भ. पाण्यात हायड्रोजन भरपूर. म्हणून पाण्यातून जाताना धडका खात खात न्यूट्रॉन मंदावतो.

साध्या पाण्यात एक खोट आहे. त्यातला हायड्रोजन न्यूट्रॉनला थांबवता थांबवता काही वेळा गिळूनही टाकतो. हजारात सातच कामाचे अणू असताना ही गळती परवडत नाही, साखळी विझते. यावर दोन उपाय आहेत. एक तर युरेनियममधल्या कामाच्या अणूंचं प्रमाण वाढवायचं, म्हणजे समृद्ध युरेनियम वापरायचं. नाहीतर पाणी बदलायचं. निसर्गातल्या पाण्यात सहा-सात हजार हायड्रोजनमागे एक जड हायड्रोजन असतो, ज्याच्या पोटात आधीच एक न्यूट्रॉन असतो. त्याला आणखी गिळायची फारशी भूक नसते. तेवढेच वेचून काढलेलं पाणी म्हणजे जड पाणी. दिसायला साध्या पाण्यासारखंच, पण ते वेगळं काढायला प्रचंड खटाटोप. आपल्या रायगड जिल्ह्यात अलिबागजवळच्या थळला हा कारखाना आहे, तिथल्या खत कारखान्याच्या अमोनियाच्या आधाराने तो चालतो.

तारापूरची गंमत अशी, की हे दोन्ही उपाय एकाच आवारात शेजारी शेजारी बघायला मिळतात.

पहिले दोन संच समृद्ध युरेनियम आणि साधं पाणी वापरणारे. अमेरिकेशी 1963 साली करार झाला, 1964 साली जनरल इलेक्ट्रिक कंपनीला काम दिलं गेलं आणि 28 ऑक्टोबर 1969 पासून दोन्ही संचांची वीज रीतसर मिळू लागली. भारतातलं हे पहिलं अणुवीज केंद्र. होमी भाभांनी ही जागा निवडण्यामागे साधा व्यवहार होता. कोळशाच्या खाणी दूर पूर्वेकडे, मुंबई आणि गुजरातचे कारखाने पश्चिमेला, आणि थंड करायला समुद्र दाराशी. केंद्र सुरू झालेलं बघायला मात्र भाभा नव्हते. जानेवारी 1966 मध्ये आल्प्समधल्या विमान अपघातात ते गेले.

परदेशी इंधनावर चूल पेटवली की काय होतं, हेही तारापूरने लवकरच अनुभवलं. 1974 साली पोखरणला अणुचाचणी झाली, अमेरिकेने हात आखडता घ्यायला सुरुवात केली आणि 1978 च्या त्यांच्या नव्या कायद्यानंतर पुरवठ्याचा प्रश्न पुरता चिघळला. मग फ्रान्स, पुढे चीन आणि रशियाकडून इंधन आणून हे संच चालवले गेले. मुळात दोनशे दहा मेगावॅटचे हे संच ऐंशीच्या दशकात प्रत्येकी 160 मेगावॅटवर आणले, कारण दुय्यम वाफ तयार करणाऱ्या यंत्रणेतल्या नळ्या गळू लागल्या होत्या. 2020 साली त्यांना लांबलचक दुरुस्तीसाठी थांबवलं, अणुभट्टीत पाणी खेळवणाऱ्या जुन्या नळ्या बदलायला.

तिसरा आणि चौथा संच प्रत्येकी 540 मेगावॅटचे, जड पाण्याचे, आपल्याकडे आखलेले आणि आपल्याच साध्या युरेनियमवर चालू शकणारे. चौथा आधी, 2005 साली सुरू झाला आणि तिसरा 2006 साली. आतली रचना बघण्यासारखी आहे. आडवं ठेवलेलं एक भलंमोठं पिंप डोळ्यांसमोर आणा. त्यातून आरपार जाणाऱ्या 392 आडव्या नळ्या आणि प्रत्येक नळीत एकापुढे एक सरकवलेल्या जुड्या. पिंपातलं जड पाणी न्यूट्रॉनना मंद करतं. नळ्यांमधून जोराने वाहणारं दुसरं जड पाणी जुड्यांची उष्णता उचलतं. ते तीनशे अंशांच्या आसपास तापतं, पण प्रेशर कुकरपेक्षा कितीतरी जास्त दाब असल्यामुळे उकळून जात नाही. हे पाणी पुढे जाऊन साध्या पाण्याला वाफ करतं, पण त्याच्यात मिसळत नाही, मधे नळ्यांची भिंत असते. त्यामुळे टर्बाइनपर्यंत जाणारी वाफ अणुभट्टीच्या पाण्याला शिवलेली नसते. पहिल्या दोन संचांत तसं नाही, तिथे अणुभट्टीत उकळलेल्या पाण्याचीच वाफ टर्बाइनवर जाते, म्हणून टर्बाइनच्या इमारतीतही किरणोत्साराची काळजी घ्यावी लागते.

जुड्या बदलायला हे संच बंदही करावे लागत नाहीत. नळीच्या एका तोंडाला एक यंत्र येऊन चिकटतं आणि नवी जुडी आत ढकलतं. दुसऱ्या तोंडाला दुसरं यंत्र जुनी जुडी झेलतं. पूर्ण क्षमतेने चालणाऱ्या एका संचाला दिवसाला साधारण चौदा-पंधरा जुड्या लागतात. ही झेललेली जुडी लक्षात ठेवा, तिच्याकडे शेवटी परत यायचंय.

"मग ही साखळी हाताबाहेर गेली तर? बॉम्बसारखं होईल का?" हा प्रश्न मुलं दबक्या आवाजात विचारतात. बॉम्बसाठी युरेनियममधल्या कामाच्या अणूंचं प्रमाण नव्वद टक्क्यांच्या घरात लागतं. इथे ते एक टक्कासुद्धा नाही, जुन्या संचांत दोन-तीन टक्के. त्यामुळे अणुबॉम्बसारखा स्फोट होऊच शकत नाही. पण याचा अर्थ साखळीला लगाम लागत नाही असं नव्हे. लगामाचं रहस्य मला फार आवडतं. फुटलेल्या अणूंतून सुटणाऱ्या हजार न्यूट्रॉनांपैकी सहा-सात न्यूट्रॉन लगेच सुटत नाहीत, काही सेकंद ते मिनिटभर रेंगाळून मागाहून येतात. भट्टी अशी जुळवलेली असते की या रेंगाळणाऱ्यांशिवाय साखळी पुढे सरकू नये. त्यामुळे भट्टीचा जोर पापणी लवायच्या आत न वाढता सावकाश वाढतो आणि यंत्रांना, माणसांना तो आवरायला वेळ मिळतो. न्यूट्रॉन शोषून घेणाऱ्या कांड्या खाली सोडल्या की साखळी दोन-चार सेकंदांत थांबते.

साखळी थांबते, पण उष्णता थांबत नाही. अणुवीज केंद्राचा खरा धोका कळायचा तर हे एक वाक्य नीट समजलं पाहिजे.

अणू फुटल्यावर जे तुकडे उरतात ते स्वतः अस्थिर असतात, आणि ते शांत होताना उष्णता सोडत राहतात. कोळशाचा निखारा विझवता येतो, हा विझवता येत नाही. 540 मेगावॅटच्या संचात पूर्ण क्षमतेला साधारण 1,700 मेगावॅट उष्णता तयार होत असते. कांड्या पडून साखळी थांबली त्या क्षणीही तिच्यातली सहा-सात टक्के उष्णता चालूच असते, म्हणजे शंभराहून अधिक मेगावॅट. बाथरूममधला गीझर दोन किलोवॅटचा धरला तर पन्नास हजारांहून जास्त गीझर एकदम सुरू असल्यासारखं. दिवसभरानंतर ती अर्ध्या टक्क्यावर येते, तरी चार हजार गीझर उरतातच. तेवढ्या उष्णतेने तासाला एका टँकरहून जास्त पाण्याची वाफ होईल. म्हणून बंद पडलेल्या अणुभट्टीतही पाणी खेळतं ठेवावंच लागतं, दिवसचे दिवस. पाण्याचं सर्वांत महत्त्वाचं काम हेच.

फुकुशिमाला 11 मार्च 2011 रोजी नेमकं इथेच गाडं अडलं. भूकंप झाला तेव्हा चालू असलेल्या भट्ट्या आपोआप बंद झाल्या, तिथवर सगळं ठरल्याप्रमाणे झालं. बाहेरून येणारी वीज गेली, डिझेल जनित्रं सुरू झाली, तेही ठरल्याप्रमाणे. मग त्सुनामीचं पाणी भिंत ओलांडून आत आलं आणि जनित्रं, विजेची पॅनेलं बुडाली. पंप थांबले. समोर अख्खा समुद्र आणि भट्टीला पाजायला पाणी नाही. इंधन वितळलं, तापलेल्या धातूची वाफेशी क्रिया होऊन हायड्रोजन तयार झाला आणि त्याचे स्फोट झाले.

त्या बातम्या टीव्हीवर चालू असताना आमच्याकडे घरोघरी एकच चर्चा होती, कारण तारापूरचे पहिले दोन संच त्याच घराण्यातले, फुकुशिमाच्या पहिल्या संचाहूनही थोडे जुने. त्यानंतर देशातल्या सगळ्या अणुवीज केंद्रांची फेरतपासणी झाली. वीज पूर्ण गेली तरी बाहेरून पाणी घालता यावं म्हणून नळजोड बसवले गेले. आपल्याकडचा एक अनुभवही गाठीशी होता. 26 डिसेंबर 2004 च्या त्सुनामीत तमिळनाडूतल्या कल्पाक्कमच्या अणुवीज केंद्राच्या पंपघरात पाणी शिरलं होतं आणि चालू संच सुखरूप बंद केला गेला होता. तरीही मी मुलांना सांगते, की सुरक्षिततेची खात्री एकदाच करून मोकळं होता येत नाही. पंप चालतो का, डिझेल आहे का, झडप उघडते का, हे रोज विचारायचे प्रश्न आहेत आणि ते विचारायचा आपल्याला पूर्ण हक्क आहे.

आता किरणोत्साराबद्दल. तो जमिनीतून, आकाशातून, अन्नातून आपल्याला रोजच मिळत असतो. शरीराला किती किरणोत्सार मिळाला ते मिलिसिव्हर्टमध्ये मोजतात. जगाची सरासरी वर्षाला 2.4 मिलिसिव्हर्ट. अणुकेंद्रामुळे लोकांना त्यात वर्षाला एक मिलिसिव्हर्टहून जास्त भर पडता कामा नये, अशी मर्यादा अणुऊर्जा नियामक मंडळाने घातली आहे. आत काम करणाऱ्यांना पाच वर्षांत शंभर आणि कुठल्याही एका वर्षात तीस. ते छातीवर बॅज लावतात, बॅज ठरावीक दिवसांनी तपासला जातो. केंद्राच्या परिसरातली मासळी, दूध, भाजी, पाणी यांचे नमुने घेऊन तपासणारी प्रयोगशाळाही असते. केंद्रापासून सोळा किलोमीटरपर्यंतच्या गावांसाठी आपत्कालीन आराखडा असतो, अधूनमधून रंगीत तालीमही होते. तेव्हा आयोडीनच्या गोळ्यांचा विषय निघतोच. या गोळ्या किरणोत्सारावरचा रामबाण उपाय नाहीत. गळतीतून आलेलं किरणोत्सारी आयोडीन गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीत जाऊन बसू नये म्हणून चांगल्या आयोडीनने ती जागा आधीच भरून टाकायची, एवढंच त्यांचं काम. म्हणून त्या सांगितल्या वेळीच घ्यायच्या, उगाच नाही.

एक गोंधळ दूर करते. तारापूर नावाची औद्योगिक वसाहतही इथेच बोईसरला लागून आहे, तिथे रसायनांचे कारखाने आहेत आणि तिथे आगी, स्फोट होतात. बातमीत "तारापूरमध्ये स्फोट" आलं, की मुंबई-पुण्याहून नातेवाइकांचे घाबरे फोन सुरू होतात. अणुकेंद्र आणि ती वसाहत वेगवेगळ्या आहेत. वसाहतीतल्या कामगारांचे जीव त्यात जातात याची खंत त्या फोनवर कुणी विचारत नाही, याचं मला वाईट वाटतं.

वीज विकतं कोण? हे केंद्र चालवतं भारतीय अणुऊर्जा महामंडळ, 1987 साली स्थापन झालेली सरकारी कंपनी. ती आपल्या घरी बिल पाठवत नाही. ती महावितरणसारख्या राज्यांच्या वीज कंपन्यांना घाऊक वीज विकते. तारापूरची वीज महाराष्ट्र, गुजरातसह पश्चिमेकडच्या राज्यांत जाते, गोव्यातही. तुमच्या दिव्यात अणूची वीज किती आणि कोळशाची किती, हे वेगळं काढता येत नाही, सगळी एकाच जाळ्यात मिसळते. देशभरात मिळून अणुविजेचा वाटा तीनेक टक्के.

या धंद्याचं गणित उलटं आहे. इंधनाचा खर्च कमी, बांधकामाचा अफाट. म्हणून एकदा भट्टी पेटली की ती रात्रंदिवस पूर्ण जोराने चालवण्यातच फायदा असतो, दुपारी जास्त आणि रात्री कमी असं करणं परवडत नाही. जुने दोन संच कधीच फिटलेल्या कर्जाच्या घरासारखे, त्यांची वीज वर्षानुवर्षं देशातल्या स्वस्त विजेत गणली गेली. नव्यांची परीक्षा वेळेत असते. तारापूरचा चौथा संच पाच वर्षांत उभा राहिला. त्याच आराखड्यावरून मोठा केलेला गुजरातमधल्या काकरापारचा तिसरा संच 2010 साली बांधायला घेतला, तो 2023 साली कामाला लागला. तेवढी वर्षं व्याज चढत राहतं, आणि ते शेवटी युनिटच्या दरात येतं. जैतापूरला प्रत्येकी 1,650 मेगावॅटच्या सहा भट्ट्यांची योजना कागदावर आहे. तिथला वाद आपण ऐकतो तेव्हा सुरक्षिततेइतकाच हा दराचा प्रश्नही विचारायला हवा.

आणि समुद्र. भट्टीच्या उष्णतेतून एक तृतीयांशहूनही कमी भागाची वीज होते, उरलेली समुद्रात जाते. टर्बाइनमधून आलेल्या वाफेचं परत पाणी करायला समुद्राचं पाणी नळ्यांमधून खेळवतात आणि कोमट करून सोडून देतात. ते सात अंशांनी तापवून सोडायचं म्हटलं, तर 540 मेगावॅटच्या एका संचाला सेकंदाला चाळीसेक हजार लिटर पाणी लागेल. दर सेकंदाला पाण्याचे चार टँकर. घिवली, दांडी, उच्छेळीच्या मच्छीमारांना हे कुणी शिकवायला नको. माझ्या वर्गात त्यांची मुलं आहेत. केंद्रालगतच्या पाण्यात सुरक्षेपायी जाळं टाकायला बंधनं आहेत, ते बंद झालेलं पाणी कुणाच्या तरी आजोबांचं होतं. तिसऱ्या-चौथ्या संचासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठवली गेली आणि त्यांच्या पुनर्वसनाचा वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला. अणुवीज स्वच्छ आहे असं मी वर्गात सांगते आणि ते खरं आहे, तिच्या चुलीतून कार्बन निघत नाही. पण अक्करपट्टीच्या मुलासमोर ते सांगताना त्याचं गावही सांगावं लागतं, नाहीतर शिकवणं अर्धं राहतं.

आता ती झेललेली जुडी. वर्ष-दीड वर्ष भट्टीत राहून ती बाहेर येते तेव्हा दिसायला तशीच असते, पण आता तिच्याजवळ उभं राहणं म्हणजे मरण. यंत्रच तिला उचलून खोल तलावात सोडतं. पुन्हा पाणीच. डोक्यावर काही मीटर पाणी असलं की किरणोत्सार अडतो, आणि तेच पाणी तिची धग शोषत राहतं. अशा तलावात वाकून पाहिलं तर ताज्या इंधनाभोवती निळसर उजेड दिसतो. काही वर्षांनी जुडी निवली की तिच्यात उरलेलं युरेनियम आणि नव्याने तयार झालेलं प्लुटोनियम वेगळं काढता येतं, तो कारखानाही तारापूरलाच आहे. उरतो तो सगळ्यात जहाल कचरा. तो वितळलेल्या काचेत कालवून, पोलादी डब्यात ओतून, डबा बंद करून ठेवतात. काचेचा तो डबाही अनेक वर्षं गरमच असतो. म्हणून तो ठेवायच्या तळघरात हवा आपोआप खेळत राहील अशी सोय केलेली असते, आणि तिथे तो निवत पडून असतो.